बिनतारी कार्यालयीन फोनच्या मागचे सर्व्हर : देखभाल नेमकी कशाची आणि कोणत्या क्रमाने?

गवाक्ष (धागाकर्ता)

आमच्या कार्यालयातील बिनतारी फोनच्या जाळ्याची जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली आहे. फोन दोन प्रकारचे आहेत : गोदाम आणि कार्यशाळेच्या भागात डेक्टचे (बिनतारी फोनसाठीच्या स्वतंत्र रेडिओ पद्धतीचे) हँडसेट, तर कार्यालयीन मजल्यांवर वायफायवर चालणारे हँडसेट. दोन्ही प्रकार शेवटी एकाच सिप सर्व्हरला, म्हणजे फोनची नोंदणी ठेवून कॉल जुळवणाऱ्या सर्व्हरला, येऊन मिळतात. तो सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर (मोठ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रावर) चालणारी अ‍ॅस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरची जोडी असून एक यंत्र चालू आणि दुसरे राखीव अशी रचना आहे. त्याखेरीज डेक्टच्या बेस स्टेशनांचा व्यवस्थापक, वायफायचा कंट्रोलर, ओळख पडताळणारा रेडियस सर्व्हर, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारा), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा), एनटीपी (घड्याळाची वेळ देणारा), हँडसेटना कॉन्फिगरेशनच्या फाइली पुरवणारा सर्व्हर आणि कॉलच्या नोंदींचा डेटाबेस एवढा गोतावळा या फोनच्या मागे आहे. हस्तांतरणाच्या कागदांत मात्र अ‍ॅस्टरिस्कच्या दोन यंत्रांचीच नावे होती. बाकीचे मला एकेक करून शोधून काढावे लागले.

सध्या दोन तक्रारी वारंवार येतात. पहिली अशी, की रात्रपाळीतील लोकांचे बोलणे मध्येच क्षणभर पूर्ण गप्प होते आणि पुन्हा सुरू होते. दुसरी अशी, की साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी बऱ्याच वायफाय हँडसेटवर ‘नोंदणी नाही’ असा संदेश दिसतो आणि काही वेळाने तो आपोआप जातो. दोन्ही वेळा ‘रेंज नाही’ असा निष्कर्ष काढून आणखी अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचे प्रक्षेपक) बसवण्याची मागणी होते. वास्तविक सिग्नलचे सर्वेक्षण झालेले आहे आणि आवाजासाठी सर्वसाधारणपणे धरली जाणारी उणे ६७ डीबीएमची पातळी जवळपास सर्वत्र मिळते, त्यामुळे हा निष्कर्ष मला पटत नाही. या सर्व्हरांच्या देखभालीचा क्रम आणि पद्धत काय असावी, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

निशाचर

पहिल्या तक्रारीचे मूळ बहुधा सर्व्हरमध्येच सापडेल. ‘आवाज तुटतो’ हे एकच वाक्य लोक दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतात आणि त्यांतला फरक ओळखण्याची सोपी खूण आहे. चालता चालता एकाच माणसाचा आवाज तुटत असेल, शब्द अर्धवट येत असतील किंवा आवाज यांत्रिक वाटत असेल, तर संशय रेडिओवर घ्यावा. पण इमारतीच्या दोन टोकांना बसलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांचे कॉल घड्याळाच्या एकाच सेकंदाला गप्प होत असतील, तर त्यांच्यात समान असलेली गोष्ट शोधावी, आणि ती बहुतेक वेळा सर्व्हर किंवा मधला स्विच असते. त्यातही एक डेक्टवर आणि दुसरा वायफायवर असेल, तर रेडिओचा प्रश्नच मिटला, कारण त्या दोघांचे रेडिओ एक नाहीत.

रात्री ठराविक वेळी असे होत असेल, तर व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपचे वेळापत्रक पाहा. बॅकअपची बरीच साधने आधी यंत्राचा स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेतात आणि काम झाल्यावर तो मूळ डिस्कमध्ये विलीन करतात. या दोन्ही टप्प्यांत, विशेषतः विलीनीकरणाच्या शेवटी, यंत्र काही क्षण गोठते. फाइल सर्व्हरच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आवाजाचे तसे नाही. जी.७११ कोडेकवर (आवाजाचे अंकीय रूप करण्याच्या पद्धतीवर) साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट निघते, म्हणजे एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेटे जातात. यंत्र एक सेकंद गोठले की त्याच्यातून जाणाऱ्या प्रत्येक कॉलची दोन्ही दिशांची पन्नास-पन्नास पॅकेटे अडकतात आणि नंतर एकदम लोंढ्याने बाहेर पडतात. हँडसेटमधील जिटर बफर दोन आकडी मिलिसेकंदांचा चढउतार सांभाळण्यासाठी असतो, त्यामुळे उशिरा आलेली ही पॅकेटे तो सरळ टाकून देतो.

खात्री करून घेण्यासाठी सर्व्हरवर आणि त्याला जोडलेल्या स्विचच्या मिरर पोर्टवर (जाणाऱ्या पॅकेटांची प्रत देणाऱ्या जोडणीवर) एकाच वेळी पॅकेटे पकडावीत आणि वायरशार्क या पॅकेट तपासण्याच्या साधनातील आरटीपी (आवाज वाहणाऱ्या पॅकेटांच्या) विश्लेषणात दोन सलग पॅकेटांमधील कमाल अंतर पाहावे. फक्त सर्व्हरवर पकडले तर फसगत होण्याची शक्यता असते, कारण गोठलेल्या यंत्राचे घड्याळही गोठलेलेच असते.

उपाय असा, की अ‍ॅस्टरिस्कच्या यंत्राचा स्नॅपशॉटवर आधारलेला बॅकअप बंद करावा. त्या यंत्रात जपण्यासारखे असते ते म्हणजे कॉन्फिगरेशन, व्हॉइसमेल आणि डेटाबेस. त्यांचा बॅकअप यंत्राच्या आतून फाइलींच्या पातळीवर घेता येतो. चालू यंत्र एका होस्टवरून दुसऱ्यावर आपोआप हलवण्याची सोयही या यंत्रापुरती बंद ठेवावी आणि त्याला लागणारा सीपीयू राखून द्यावा.

अनाहत

निशाचर यांच्या म्हणण्याला एक पुरवणी. आवाज सर्व्हरमधून जातो की थेट दोन फोनमध्ये जातो, हे आधी तपासा. अ‍ॅस्टरिस्कमध्ये थेट मीडियाची परवानगी दिलेली असेल, तर कॉल जुळल्यावर आरटीपीची पॅकेटे सर्व्हरला वगळून जाऊ शकतात आणि तेव्हा सर्व्हर गोठला तरी बोलणाऱ्यांना कळत नाही. कॉलचे ध्वनिमुद्रण होत असेल किंवा दोन्ही बाजूंचे कोडेक वेगळे असतील, तर मात्र आवाज सर्व्हरमधूनच जातो. डेक्टच्या बाजूला हे अनेकदा होते, कारण हवेतून जाणारा नेहमीचा डेक्टचा आवाज जी.७२६ मध्ये, ३२ किलोबिट प्रतिसेकंद या वेगाने असतो, आणि त्याचे रूपांतर बेस स्टेशनात होते, गेटवेत होते की सर्व्हरवर, हे रचनेवर अवलंबून असते.

जुना तारवाला

दुसऱ्या तक्रारीवर लिहितो, कारण ती मला जास्त बोलकी वाटते. सुट्टीच्या काळात हँडसेट चार्जरबाहेर राहिले, बॅटऱ्या उतरल्या आणि सकाळी सगळे जवळपास एकाच वेळी चालू झाले, असे गृहीत धरू. बंद पडलेल्या वायफाय हँडसेटला ‘नोंदणी झाली’ म्हणण्यापर्यंत पोहोचण्यासाठी काय काय करावे लागते, ते क्रमाने पाहिले की देखभाल कशाची करायची याचे उत्तर मिळते.

तो प्रथम अ‍ॅक्सेस पॉइंटशी जोडला जातो आणि रेडियस सर्व्हरकडून पूर्ण ओळखतपासणी करून घेतो. येथे प्रमाणपत्रे (डिजिटल ओळखपत्रे) तपासली जातात. मग डीएचसीपीकडून आयपी पत्ता घेतो आणि त्याच उत्तरातील ऑप्शन ६६ किंवा १५० मधून कॉन्फिगरेशनच्या सर्व्हरचा पत्ता उचलतो. त्या सर्व्हरचे नाव दिलेले असेल तर डीएनएसला विचारतो. वेळेसाठी एनटीपीकडे जातो, फाइल उतरवून घेतो, फर्मवेअर (हँडसेटमधील मूळ सॉफ्टवेअर) नवे दिसले तर तेही उतरवायला लागतो, आणि या सगळ्यानंतर सिपची नोंदणी पाठवतो. त्यातही पहिल्या विनंतीला सर्व्हर ४०१ असे उत्तर देऊन ओळख मागतो, म्हणून प्रत्येक नोंदणीच्या दोन फेऱ्या होतात.

या साखळीतील एक कडी मंद असली तरी वापरणाऱ्याला शेवटचा संदेश तोच दिसतो : नोंदणी नाही. प्रत्यक्षात सिप सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचलेलीच नसते, म्हणून अ‍ॅस्टरिस्कच्या लॉगमध्ये डोके घालून काही हाती लागत नाही. ‘काही वेळाने आपोआप जातो’ या वर्णनावरून मला रेडियस किंवा डीएचसीपी यांपैकी एकाचा संशय येतो. रेडियसच्या लॉगमध्ये त्या अर्ध्या तासात एकाच हँडसेटच्या मॅक पत्त्यावरून किती वेळा विनंत्या आल्या ते पाहा. कंट्रोलर ठरावीक सेकंद उत्तराची वाट पाहतो आणि पुन्हा विचारतो. सर्व्हर गर्दीने मंदावला असेल, तर या पुनर्विचारणेने गर्दी आणखी वाढते. विशेषतः रेडियस आपली माहिती दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरी सर्व्हरला विचारून देत असेल, तर कासवगती त्या मागच्या सर्व्हरची असू शकते.

डीएचसीपीच्या बाबतीत पत्त्यांचा साठा आणि लीजचा (पत्ता ठरावीक मुदतीने देण्याचा) काळ दोन्ही बघा. लीज आठवडाभराची असेल आणि त्याच व्हीलॅनवर (जाळ्याच्या वेगळ्या पाडलेल्या विभागावर) पाहुण्यांचे लॅपटॉप वगैरे येत असतील, तर साठा संपतो. फोनसाठी व्हीलॅन स्वतंत्र असलाच पाहिजे, यावर माझ्या मते चर्चेची गरज नाही.

चौकस

मी या क्षेत्रात नवा आहे, म्हणून शंका विचारतो. ओळखतपासणी रेडियसकडे जात असेल, तर बोलत बोलत एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी ती पुन्हा होते का? तसे असेल तर रेडियस बंद पडला की चालू कॉलही तुटतील.

जुना तारवाला

चांगला प्रश्न आहे. ८०२.११आर ही जलद हस्तांतराची पद्धत दोन्ही बाजूंना चालू असेल, तर पहिल्या जोडणीच्या वेळी तयार झालेल्या किल्लीवरून पुढच्या अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी किल्ली काढली जाते आणि रेडियसपर्यंत जावे लागत नाही. ती पद्धत नसेल आणि किल्ली जपून ठेवणारी दुसरी सोयही नसेल, तर प्रत्येक हस्तांतराला पूर्ण तपासणी होते. तिला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात आणि बोलण्यात खाच पडते. म्हणजे रेडियस सर्व्हर दूरच्या शाखेत ठेवला असेल, तर जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाचा आवाज का तुटतो याचे उत्तर जिन्यात सापडत नाही.

रेडियस पूर्ण बंद पडला तर आधीच जोडलेले हँडसेट सत्राची मुदत संपेपर्यंत चालत राहतात. म्हणूनच हा बिघाड फसवा असतो : सर्व्हर पहाटे पडतो आणि पहिली तक्रार दुपारी येते.

निशाचर

रेडियसचा विषय निघालाच आहे तर प्रमाणपत्रांबद्दल लिहितो, कारण बिनतारी फोन सामूहिकपणे बंद पडण्याच्या कारणांत मी त्याला वरचा क्रम देईन. रेडियस सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की त्या क्षणी काहीच होत नाही. मात्र पुढच्या प्रत्येक पूर्ण तपासणीला हँडसेट सर्व्हरला नकार देतो आणि फोन एकेक करून गळू लागतात. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० च्या सप्टेंबरपासून ३९८ दिवसांची होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होते. लॅपटॉपचे एक वेळ आपोआप निभावते, पण ज्या हँडसेटमध्ये प्रमाणपत्र हाताने भरावे लागते त्यांच्यासाठी हे परवडणारे नाही. म्हणून फोनच्या रेडियससाठी संस्थेची स्वतःची प्रमाणन यंत्रणा ठेवावी, तिच्या मूळ प्रमाणपत्राची मुदत हँडसेटच्या आयुष्याहून जास्त असावी, आणि मूळ प्रमाणपत्र बदलायचे झाल्यास नवे सर्व हँडसेटमध्ये पोहोचल्याची खातरजमा झाल्याशिवाय सर्व्हरवर बदल करू नये. चार्जरवर झोपलेला, रजेवर गेलेल्या माणसाच्या कपाटातला हँडसेट या हिशेबात हमखास सुटतो.

याला जोडून वेळेचा पेच आहे. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही हँडसेटचे घड्याळ जुन्या तारखेवर जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेले’ वाटते, म्हणून तो जाळ्यात शिरत नाही. जाळ्यात शिरल्याशिवाय एनटीपीकडून वेळ मिळत नाही. गवाक्ष यांच्या सुट्टीनंतरच्या तक्रारीत हे कारण असते तर ती आपोआप मिटली नसती, त्यामुळे येथे ते लागू होत नाही. पण नवा हँडसेट मॉडेल निवडताना बॅटरी काढून ठेवून हे जरूर तपासून घ्यावे.

अनाहत

डेक्टकडे कोणी वळले नाही, म्हणून मी लिहितो. डेक्टला वायफायसारखी सर्व्हरांची साखळी लागत नाही, त्यामुळे ‘ते आपले चालते’ अशी समजूत होते आणि त्याच्या व्यवस्थापकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

युरोपात डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. तेथे १० वाहक (वारंवारितेच्या वाहिन्या) आहेत, १० मिलिसेकंदांच्या प्रत्येक चौकटीत २४ खाचा (वेळेचे तुकडे) असून त्यांतल्या १२ एका दिशेला आणि १२ दुसऱ्या दिशेला वापरल्या जातात. म्हणजे एकूण १२० दुहेरी मार्ग होतात. अमेरिकेत १९२० ते १९३० मेगाहर्ट्झचा पट्टा असल्याने वाहक निम्मेच आहेत. कोणता मार्ग घ्यायचा हे हँडसेट आणि बेस चालू परिस्थिती पाहून स्वतःच ठरवतात, म्हणून वाहिन्यांचे नियोजन करावे लागत नाही. मात्र कॉल एका बेसवरून दुसऱ्यावर अलगद जायचा असेल, तर सर्व बेसच्या चौकटी मायक्रोसेकंदांच्या पातळीवर एकमेकांशी जुळलेल्या असाव्या लागतात. हा ताल बेस एकमेकांचे ऐकून हवेतून जुळवतात, किंवा काही प्रणालींत केबलच्या जाळ्यावरून पीटीपीने, म्हणजे आयईईई १५८८ या वेळ जुळवण्याच्या मानकाने जुळवला जातो.

देखभालीच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी आहेत. हवेतून ताल जुळवणाऱ्या रचनेत बेसांचा एक वृक्ष तयार होतो आणि मधला बेस बंद पडला की त्याच्या खालचे सगळे ताल गमावू शकतात. त्यामुळे एखाद्या मजल्यावरचा पीओई स्विच (केबलमधूनच वीज देणारा) पॅच करून (दुरुस्तीचे सॉफ्टवेअर टाकून) रीस्टार्ट केल्यावर भलत्याच भागातले फोन अडखळतात. वृक्षाचा आराखडा व्यवस्थापकाच्या पडद्यावर दिसतो. स्विचला हात लावण्याआधी तो पाहावा. पीटीपी असेल तर स्विचच्या फर्मवेअरबदलानंतर किंवा मल्टिकास्टच्या सेटिंगला हात लागल्यानंतर ताल टिकला आहे ना, हे तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे म्हणू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डेक्ट हँडसेट जाळ्यात सामील करून घेताना हँडसेट आणि प्रणाली यांच्यात एक गुप्त किल्ली तयार होते. तिची एक प्रत हँडसेटमध्ये राहते आणि दुसरी व्यवस्थापकाच्या डेटाबेसमध्ये. व्यवस्थापक जळाला आणि त्या डेटाबेसचा बॅकअप नसेल, तर सिपच्या खात्यांची यादी हाताशी असून उपयोग नाही. प्रत्येक हँडसेट शोधून, हातात घेऊन, पिन टाकून पुन्हा जोडावा लागतो. शेकडो हँडसेट असलेल्या इमारतीत हे काम किती दिवस चालेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. नवा हँडसेट जोडला की लगेच बॅकअप घ्यावा, आणि तो व्यवस्थापकाच्या यंत्रावरच ठेवू नये. बदली यंत्राला जुनीच प्रणाली-ओळख मिळते ना, हे पुरवठादाराकडून लेखी विचारून ठेवावे, कारण काही प्रणालींत ती परवान्याशी बांधलेली असते.

खटपट्या

इतके सगळे सांभाळण्यापेक्षा फोनचा सर्व्हर क्लाउडमध्ये नेऊन मोकळे का होऊ नये?

अनाहत

नेता येतो, आणि अनेक ठिकाणी ते शहाणपणाचेही ठरते. पण वर आलेली यादी पुन्हा वाचावी. क्लाउडमध्ये जातो तो सिप सर्व्हर. डीएचसीपी, रेडियस, वायफायचा कंट्रोलर, डेक्टचा व्यवस्थापक, स्विच हे इमारतीशी बांधलेले बरेचसे जागच्या जागी राहते. उलट फायरवॉलमधून सिप आणि आरटीपी बाहेर जाऊ लागल्याने नव्या तक्रारी सुरू होतात. काही फायरवॉल सिपचे संदेश वाटेत ‘दुरुस्त’ करतात आणि त्यातून एकतर्फी आवाजाचे प्रसंग घडतात. ती सोय बंद करणे हे पहिले काम असते.

जुना तारवाला

अग्रक्रमाच्या खुणांबद्दल लिहायचे राहिले होते. अ‍ॅस्टरिस्ककडून निघणाऱ्या आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही खूण असावी, हे सर्वांना माहीत असते आणि बहुतेक ठिकाणी ती असतेही. गंमत पुढे होते. वायफायमध्ये अग्रक्रम आठ पायऱ्यांचा असतो. ६ आणि ७ या पायऱ्या आवाजाच्या रांगेत जातात, ४ आणि ५ चित्रफितींच्या रांगेत. पुष्कळ उपकरणे डीएससीपीचे वरचे तीन बिट उचलून तीच पायरी मानतात. ४६ म्हणजे द्विमान पद्धतीत १०१११०. त्याचे वरचे तीन बिट १०१, म्हणजे ५. परिणामी सर्व्हरने नीट खूण करूनही अ‍ॅक्सेस पॉइंटपासून हँडसेटकडे जाणारा आवाज चित्रफितींच्या रांगेत उभा राहतो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ मध्ये ४६ ला पायरी ६ द्यावी असे स्पष्ट सुचवले आहे, तरीही कंट्रोलरवर ते प्रत्यक्ष लागू आहे का हे बघावे लागते. ‘मला समोरच्याचा आवाज तुटक येतो, पण माझा त्याला नीट जातो’ अशी एकतर्फी तक्रार गर्दीच्या वेळी येत असेल, तर आधी हे तपासा.

आणखी एक. हँडसेटला पिंग करून त्याची तब्येत ठरवू नये. रिकामा बसलेला वायफाय हँडसेट बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेला असतो आणि त्याची पॅकेटे अ‍ॅक्सेस पॉइंट काही काळ धरून ठेवतो, त्यामुळे उत्तराची वेळ कधी ५, कधी ३०० मिलिसेकंद दिसते. कॉल चालू असताना तोच हँडसेट व्यवस्थित असतो. निगराणीच्या पडद्यावरचे हे लाल दिवे पाहून नुसती धावपळ होते.

गवाक्ष (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या तक्रारीचा उलगडा झाला. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधील स्नॅपशॉट विलीन होण्याच्या वेळा आणि तक्रारींच्या वेळा तंतोतंत जुळल्या. स्विचच्या मिरर पोर्टवर पकडलेल्या पॅकेटांत, दोन वेगळ्या मजल्यांवरच्या कॉलमध्ये, एकाच क्षणी सुमारे दीड सेकंदाची पोकळी स्पष्ट दिसते आणि तिच्यामागोमाग पॅकेटांचा एकगठ्ठा झोत येतो. स्नॅपशॉट बंद करून फाइलींचा बॅकअप सुरू केल्यापासून तक्रार आलेली नाही.

दुसऱ्या बाबतीत रेडियसच्या लॉगमध्ये जुना तारवाला यांनी सांगितल्याप्रमाणे पुनर्विचारणांचा ढीग सापडला. मागच्या डिरेक्टरी सर्व्हरकडे जाणारी जोडणी दर विनंतीला नव्याने उघडली जात होती. जोडण्या आधीच उघडून राखून ठेवण्याची संख्या वाढवल्यावर उत्तरे झटपट येऊ लागली. पुढच्या सुट्टीनंतर खरा निकाल कळेल.

आता प्रश्न पॅचचा. चालू अ‍ॅस्टरिस्क यंत्राला पॅच करताना कॉल न तोडता ते बाजूला कसे काढावे? राखीव यंत्राकडे आयपी पत्ता आपोआप जातो, परंतु मागच्या वेळी पत्ता गेल्यानंतरही बराच काळ अनेक फोनवर कॉल येत नव्हते, असे जुन्या नोंदींत लिहिलेले आहे.

निशाचर

जुन्या नोंदीतील लक्षणाचे कारण असे दिसते, की राखीव यंत्राला फोनच्या नोंदण्यांची माहिती नव्हती. पत्ता त्याच्याकडे आला, पण कोणता फोन कुठे आहे हे त्याला प्रत्येक फोन पुन्हा नोंदणी करेपर्यंत कळत नाही. नोंदणीची मुदत ३६०० सेकंद असेल, तर फोनवरून बाहेर कॉल करता येतो, पण आत येणारा कॉल तासाभरापर्यंत पोहोचणार नाही. दोन उपाय आहेत : नोंदण्या दोन्ही यंत्रांना दिसणाऱ्या सामायिक डेटाबेसमध्ये ठेवणे, किंवा नोंदणीची मुदत कमी करणे. ६०० फोन आणि ३०० सेकंदांची मुदत धरली, तर सरासरी सेकंदाला दोन नोंदण्या येतात; सर्व्हरला हे ओझे मुळीच जड नाही. जड जाते ते वायफाय हँडसेटच्या बॅटरीला, कारण प्रत्येक नोंदणीसाठी त्याला झोपेतून उठावे लागते. डेक्टमध्ये ही नोंदणी हँडसेटच्या वतीने बेस किंवा व्यवस्थापक करतो, म्हणून तेथे मुदत बिनदिक्कत कमी ठेवता येते. मी डेक्टसाठी कमी मुदत आणि वायफायसाठी सामायिक डेटाबेस अशी विभागणी पसंत करेन.

यंत्र बाजूला काढण्यासाठी अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर दोन आज्ञा आहेत आणि त्यांच्यात गल्लत करू नये. ‘कोअर स्टॉप ग्रेसफुली’ दिल्यावर नवे कॉल घेणे लगेच थांबते आणि चालू कॉल संपले की सेवा बंद होते. ‘कोअर स्टॉप व्हेन कन्व्हिनिअंट’ दिल्यावर नवे कॉल घेणे चालूच राहते आणि एकही कॉल नसलेला क्षण सापडला की सेवा बंद होते. गर्दीच्या कार्यालयात तो क्षण दिवसभर न सापडण्याची शक्यता असते. पहिली आज्ञा द्यायची असेल, तर नवे कॉल दुसऱ्या यंत्राकडे वळल्याची व्यवस्था आधी पाहावी, नाहीतर चालू कॉल संपेपर्यंत बाकी सर्वांना फोन बंद दिसेल.

आवृत्ती बदलण्याचा विचार असेल तर एक खबरदारी. सिप हाताळणारा जुना चॅन-सिप हा भाग अ‍ॅस्टरिस्कच्या २१ व्या आवृत्तीतून काढून टाकला आहे. तुमचे कॉन्फिगरेशन अजून त्यावर असेल, तर त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपवर येणे हे स्वतंत्र काम म्हणून करावे आणि ते पॅचच्या रात्री उरकू नये.

चौकस

रोजच्या निगराणीत काय ठेवावे, हेही कोणीतरी लिहावे.

अनाहत

सर्व्हर चालू आहे की नाही यापेक्षा फोनला काय मिळते आहे ते मोजावे. नोंदणी झालेल्या फोनच्या संख्येचा आलेख हा मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण साखळीतील कोणतीही कडी ढिली झाली तरी तो खाली येतो. त्याच्या जोडीला सिप-पीसारख्या साधनाने ठरावीक वेळाने एक चाचणी कॉल लावून तो जुळतो का आणि आवाज दोन्ही बाजूंना जातो का, हे पाहावे. रेडियसलाही बनावट वापरकर्त्याची विनंती पाठवून उत्तराचा वेळ नोंदवता येतो. प्रमाणपत्रांची उरलेली मुदत आणि डीएचसीपीचा उरलेला साठा यांवर इशारे असावेत. डिस्कचे सांगायला नको, तरी सांगतो : ध्वनिमुद्रणे आणि तात्पुरते म्हणून चालू केलेले डीबग लॉग या दोहोंनी विभाग भरतो, आणि मग कॉल लागत असूनही त्याची नोंद डेटाबेसमध्ये जात नाही.

गवाक्ष (धागाकर्ता)

सुट्टीनंतरची सकाळ पार पडली. नोंदणीच्या आलेखाने यावेळी नेहमीसारखी पायरी न घेता एकदम चढ घेतला आणि अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवण्याचा प्रस्ताव तूर्त मागे घेतला गेला आहे. शेवटची शंका : डेक्ट हँडसेटचे फर्मवेअर हवेतूनच बदलायचे आहे. किती वेळ धरावा?

जुना तारवाला

डेक्टचा डेटाचा मार्ग अरुंद असतो, त्यामुळे एका हँडसेटलाही तासांचा हिशेब धरावा, आणि एका बेसवरून एकाच वेळी मोजकेच हँडसेट घेतले जातात. बहुतेक मॉडेलमध्ये हँडसेट चार्जरवर असणे ही अट असते. म्हणून लोकांना सूचना देऊन हँडसेट रात्री चार्जरवर ठेवायला सांगा, एका मजल्यापासून सुरुवात करा, आणि त्याआधी व्यवस्थापकाचा बॅकअप घ्या. व्यवस्थापक आणि बेस यांची आवृत्ती नव्या हँडसेट-फर्मवेअरला चालते का हे पुरवठादाराच्या तक्त्यात पाहून त्यांचा बदल आधी उरकावा; हँडसेट सर्वांत शेवटी.